मावशी : घर आणि राष्ट्र यांना जोडणारा सेतू

(वं. लक्ष्मीबाई केळकर यांच्या पुण्यतिथीनिमित्त झालेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या समाजात ‘मावशी’ या शब्दाला एक वेगळाच ओलावा आहे. आईच्या पाठची किंवा आईच्या आधीची, पण आईइतकीच माया करणारी ती मावशी. राष्ट्र सेविका समितीच्या आद्य प्रमुख संचालिका लक्ष्मीबाई केळकर यांना देशभरातील सेविकांनी याच नात्याने हाक मारली. कोणतीही पदवी वा उपाधी त्यांना चिकटली नाही. चिकटले ते घरातले नाते. त्यांच्या कार्याचे मर्मही या संबोधनातच आहे.

मावशींचा जन्म नागपूरच्या दाते कुटुंबात १९०५ साली झाला. त्यांचे माहेरचे नाव कमल. वडील भास्करराव सरकारी नोकरीत होते. त्या काळी सरकारी नोकराच्या घरात लोकमान्यांचा ‘केसरी’ येणे म्हणजे संकटाला निमंत्रण. परंतु आई यशोदाबाई शेजारपाजारच्या स्त्रियांना जमवून त्यांना ‘केसरी’ वाचून दाखवीत. देशाचा विचार करण्यासाठी घर सोडावे लागत नाही, तो घरात आणता येतो, हा पहिला धडा कमलला आईच्या त्या वाचनातूनच मिळाला.

वयाच्या चौदाव्या वर्षी वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुरुषोत्तमराव बिजवर होते आणि त्यांना पहिल्या पत्नीच्या दोन मुली होत्या. ज्या वयात स्वतः आईच्या पदराआड राहायचे, त्या वयात कमलची लक्ष्मीबाई झाली आणि लक्ष्मीबाई दोन मुलींची आई झाली. जन्म न दिलेल्या लेकरांवर माया करण्याची साधना तेथे सुरू झाली. पुढे हजारो मुलींची मावशी होण्याची पूर्वतयारी वर्ध्याच्या त्या घरात झाली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१९३२ मध्ये पुरुषोत्तमराव निवर्तले. तेव्हा मावशींचे वय सत्तावीस वर्षांचे. पदरी सहा मुलगे, शिवाय त्या दोन मुली. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय येई, हे ज्येष्ठ श्रोत्यांना सांगायला नको. माजघराचा कोपरा एवढेच तिचे विश्व उरे. मावशींनी तो कोपरा स्वीकारला नाही आणि घराकडे पाठही फिरवली नाही. घराचा काही भाग भाड्याने दिला, संसाराची घडी बसवली आणि मुलांचे शिक्षण सुरू ठेवले.

वर्ध्यात त्या वेळी स्वातंत्र्यलढ्याचे वारे वाहत होते. गांधीजींच्या सभांना मावशी जात. सीतेच्या जीवनामुळेच राम घडतो, अशा आशयाचे गांधीजींचे एक प्रतिपादन ऐकून त्या रामायणाच्या अभ्यासाकडे वळल्या, असे सांगितले जाते. इकडे मुलगे संघाच्या शाखेत जाऊ लागले होते. त्यांच्यातील शिस्त आणि वागण्यातला पालट आईच्या नजरेतून कसा सुटेल? मुलांना हे मिळते, मग मुलींना का नाही, हा प्रश्न घेऊन त्या पू. डॉ. हेडगेवार यांना भेटल्या. स्त्रियांचे संघटन स्वतंत्र असावे, मात्र ते समांतर आणि त्याच ध्येयाचे असावे, अशी दिशा त्या चर्चेतून ठरली. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना झाली.

हे सारे सुखासुखी घडले नाही. मुली मैदानात येऊन लाठी चालवणार, ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती. ‘आधी घर सांभाळा, मग राष्ट्र’ असा उपदेशही होत असे. मावशी वादात शिरल्या नाहीत. मातृत्वासाठी जिजामाता, कर्तृत्वासाठी अहिल्यादेवी आणि नेतृत्वासाठी राणी लक्ष्मीबाई असे तीन आदर्श समितीने सेविकांपुढे ठेवले. या तिन्ही माता होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे.

या मातृत्वाची कसोटी ऑगस्ट १९४७ मध्ये लागली. फाळणी दाराशी आलेली. सिंधमधील हिंदू कुटुंबे भयाने गांगरलेली. तेथील सेविकेने पत्र लिहून मावशींना बोलावले. लोक कराची सोडून निघत होते, तेव्हा मावशी कराचीला निघाल्या. सेविकांना भेटून त्यांनी धीर दिला आणि भारतात येणाऱ्या भगिनींची व्यवस्था समिती करील असा शब्द दिला. तो शब्द मुंबईतील सेविकांच्या घरांनी पाळला. निर्वासित मुलींसाठी तेथे चुली पेटल्या, अंथरुणे घातली गेली. संकटात लेकरे हाक मारतात तेव्हा आई वाट सुरक्षित आहे का, हे विचारीत बसत नाही.

पुढील तीन दशके मावशींचा प्रवास चालूच राहिला. त्यांची रामकथेवरील प्रवचने ऐकायला घराघरांतील स्त्रिया येत. त्या कथेत भक्ती असे आणि राष्ट्रधर्माचे भानही असे. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. पुण्याच्या सरस्वतीबाई तथा ताई आपटे यांनी प्रमुख संचालिकेची धुरा पुढे वाहिली.

आज आपली कुटुंबे लहान झाली आहेत. आई नोकरीवर, आजी दुसऱ्या गावी आणि नातवंडे पडद्यासमोर, असे चित्र अनेक सुशिक्षित घरांत दिसते. समाजकार्यासाठी वेळ नाही, हे वाक्यही नित्याचे झाले आहे. आठ मुलांच्या त्या विधवा मातेकडे तरी वेळ कुठे होता? तिने आपल्या ममतेची कक्षा रुंदावली, एवढेच. स्वतःच्या नातवाला गोष्ट सांगताना शेजारच्या दोन मुलांनाही हाक मारणारी आजी मावशींचेच कार्य पुढे नेत असते.

तसबिरीला हार घालणे सोपे आहे. मावशींचे स्मरण करायचे, तर आठवड्यातील एक संध्याकाळ आपल्या उंबरठ्यापलीकडच्या एखाद्या लेकरासाठी राखून ठेवावी. ते लेकरू ज्या दिवशी आपण होऊन ‘मावशी’ अशी हाक मारील, त्या दिवशी ही श्रद्धांजली पोचली असे समजावे.