सागरापलीकडची छोटी बाजारपेठ

(हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



इतिहास शिकवणाऱ्या मुख्याध्यापिकेने आज निर्यातीवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. कारण आधी सांगते. आपल्या शाळेतील अकरा माता-पालकांनी करोनाच्या साथीनंतर एकत्र येऊन पापड, भाजणी आणि चिवडा यांचा गृहोद्योग उभा केला. माल उत्तम आहे. पण इंदुरात शेव-चिवडा विकायला बसणे म्हणजे नाशकात द्राक्षे विकायला नेण्यासारखे. तेव्हा त्यांची दृष्टी बाहेर वळली. मॉरिशसमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने सुचवले, "इथे मराठी माणसे आहेत, घरोघर गणपती बसतात, इकडे पाठवा." गट हरखून गेला. दोघी तर दागिने गहाण ठेवून गणेशोत्सवापूर्वी मोठा माल रवाना करायला निघाल्या. "बाई, एकदा कागद वाचून द्या," असे म्हणून त्या माझ्याकडे आल्या. गेले तीन महिने मी ते कागद वाचते आहे.

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरातले सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचे बेट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या इंदूर शहराहूनही कमी. १८३४ नंतर जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर तेथे उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले. बहुसंख्य बिहार आणि दक्षिण भारतातले. पण मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरचे मराठी लोकही त्यांत होते. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च अध्यापनही होते. साठ वर्षे महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून भरून येणे स्वाभाविक आहे.

मात्र भरून आलेल्या डोळ्यांनी बीजक लिहू नये. तेथील मराठी कुटुंबांची आज सहावी-सातवी पिढी नांदते आहे. घरात क्रिओल बोलली जाते, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी व्यवहार इंग्रजी. आपल्या पाकिटावर 'खमंग भाजणी' एवढेच छापले, तर दुकानातले गिऱ्हाईक ते उलटून पाहील आणि खाली ठेवील. शिवाय मराठी समाज हा त्या छोट्या लोकसंख्येतला छोटा भाग. आपला माल टिकायचा असेल तर तो सगळ्या मॉरिशसवासीयांना रुचला पाहिजे. त्याला वाव आहे. डाळीचे सारण भरलेली 'ढोल पुरी' हा तेथील रस्त्यारस्त्यावर विकला जाणारा पदार्थ. आपल्या पुरणपोळीची ती तिखट बहीणच म्हणा. अशा जिभेला पापड परका वाटणार नाही.

बेटाच्या बाजाराचा स्वभाव समजून घ्यायला हवा. बेट अन्नधान्यापासून इंधनापर्यंत बहुतेक वस्तू बाहेरून आणते, म्हणून गरज मोठी दिसते. पण खरेदी करणारे आयातदार मोजके, आणि ते एकमेकांना ओळखतात. पहिल्याच खेपेत पापड तुटके निघाले तर ती बातमी दुसऱ्या दुकानात पोहोचायला वेळ लागत नाही. मालाची ये-जा पोर्ट लुई या एकाच मोठ्या बंदरातून होते. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा जहाजे खोळंबतात. इंदूर तर समुद्रापासून दूर. आपला माल पीथमपूरच्या कंटेनर डेपोतून किंवा रस्त्याने न्हावाशेव्याला, तेथून समुद्रमार्गे काही आठवड्यांनी तिकडे, आणि मग दुकानाच्या फळीवर. तीन महिने टिकणारा चिवडा या प्रवासातच म्हातारा होतो. म्हणून आम्ही चिवडा बाजूला ठेवला. पापड आणि भाजणी पुढे केली.

आता कर. भारत आणि मॉरिशस यांच्यातील व्यापक आर्थिक सहकार्य व भागीदारी करारावर २२ फेब्रुवारी २०२१ रोजी सह्या झाल्या आणि तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. आफ्रिकेतील देशाशी भारताने केलेला असा हा पहिलाच करार. त्यात भारताच्या ३१० वस्तूंना सवलत आहे, खाद्यपदार्थही आहेत. हे वाचून गटाने टाळ्या वाजवल्या होत्या. मी त्यांना थांबवले, कारण सवलत पदार्थाच्या नावाला मिळत नाही, संकेतांकाला मिळते. पापड १९०५ या शीर्षाखाली येतो. भाजणीचे वर्गीकरण जाणकाराकडूनच करून घ्यावे. शिवाय मॉरिशसने अनेक वस्तूंवरचे आयातशुल्क सर्वच देशांसाठी शून्य केलेले आहे. तेथे कराराचा वेगळा लाभ उरत नाही आणि १५ टक्के मूल्यवर्धित कराचा विचार किमतीत करावाच लागतो. जेथे लाभ आहे, तेथे तो उत्पत्तीच्या प्रमाणपत्रावाचून मिळत नाही. हे प्रमाणपत्र आता विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून काढता येते.

साहाय्य कोठे मिळते, हा या तीन महिन्यांतला माझ्यासाठी सर्वांत आनंदाचा भाग. आपल्याकडे समजूत अशी की सरकारी दारी गेले की हेलपाटे आले. थोडे हेलपाटे आहेतच. पण आयात-निर्यात संकेतांक घरबसल्या ५०० रुपयांत मिळतो, त्यासाठी मध्यस्थाला हजारो रुपये देण्याचे कारण नाही. एप्रिल ते जून या काळात दर वर्षी त्यातील माहिती अद्ययावत करायची, एवढे लक्षात ठेवावे. महासंचालनालयाचे कार्यालय इंदुरातच आहे. १९८५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या 'अपेडा'च्या अनुसूचीत लोणची, पापड आणि चटण्या यांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून आमच्या गटाने नोंदणीसाठी तोच दरवाजा निवडला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने नवीन निर्यातदारांसाठी 'ट्रेड कनेक्ट' हे व्यासपीठ सुरू केले, तेथे परदेशातील भारतीय दूतावासांना प्रश्न विचारता येतात. पोर्ट लुई येथील भारतीय उच्चायुक्तालयाचा व्यापार विभाग आणि १८५० पासून चालत आलेले तेथील वाणिज्य मंडळ, या दोघांना पत्र पाठवून एखाद्या आयातदाराची चौकशी करणे, ही कोणत्याही छोट्या निर्यातदाराची पहिली पायरी असावी असे माझे मत झाले आहे. पत्र नीटनेटके हवे: आपण कोण, माल काय, वजन किती, टिकाऊपणा किती, किंमत कोणत्या बंदरापर्यंतची. मुलांना पत्रलेखन शिकवताना आपण जे सांगतो, तेच. भाषा इंग्रजी असली तरी विचारांची शिस्त मराठीतून शिकलेली चालते.

पैशांविषयी मात्र मी कठोरपणे बोलणार आहे. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी एका बेटावरील व्यापाऱ्याला निव्वळ ओळखीवर माल पाठवला. माल पोहोचला, विकलाही गेला. पैसे आले नाहीत. ओळख करून देणारा गृहस्थही मराठीच होता. कागदावर सही कोणाचीच नव्हती. ते कुटुंब त्या फटक्यातून बाहेर यायला चार वर्षे लागली. म्हणून पहिल्या व्यवहारात निम्मी तरी रक्कम आगाऊ घ्यावी, अथवा बँकेचे पतपत्र मागावे. 'ईसीजीसी' ही भारत सरकारची कंपनी १९५७ पासून नेमक्या याच कामासाठी आहे: परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर होणाऱ्या तोट्याचा ती विमा उतरवते. त्या ग्राहकाच्या पतीची माहिती तिच्याकडून घेता येते. ही गोष्ट आपल्या किती व्यावसायिक पालकांना ठाऊक आहे? मागे हात वर करायला सांगितले तेव्हा दोनच वर आले.

दागिन्यांचा प्रश्न उरला. गटाच्या बैठकीत मी स्पष्ट विरोध केला आणि चर्चा तापली. "बाई, धाडस केल्याशिवाय धंदा होत नाही," असे एकीने सुनावले. तिचे खरे आहे. पण धाडसाचेही माप असते. टपाल खात्याने २०२२ पासून डाक निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. सीमाशुल्काचे कागद तेथेच करून छोटे पार्सल परदेशी पाठवता येते. शेवटी ठरले ते असे: नमुन्यांची पार्सले आधी टपालाने तीन आयातदारांकडे जातील. लेखी मागणी आली, तर इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये थोडी जागा घेऊन पहिली खेप पाठवायची. मंगळसूत्रे गळ्यातच राहतील. यंदाचा गणपती कदाचित हुकेल, पुढच्या वर्षीचा मिळेल.

पाकिटाचे काम अजून अडलेले आहे. मॉरिशसमध्ये २०१६ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि तेथील लोक वेष्टनाकडे बारकाईने पाहतात. घटक, वजन, बनवल्याची आणि संपण्याची तारीख हे सारे इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये सुवाच्य छापायला हवे. चित्रकलेच्या बाईंनी दोन नमुने काढले आहेत, ते मागच्या टेबलावर आहेत. त्यातला गजानन फार सुंदर आहे, पण खाऊन झाल्यावर जे वेष्टन कचऱ्यात जाणार त्यावर देवाचे चित्र नको, असे माझे मत. आपण पाहून सांगा. सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या कामात असतील, कोणाला वेष्टनाच्या छपाईची माहिती असेल, किंवा कोणी फ्रेंच जाणत असेल, तर त्यांनी जाण्यापूर्वी कार्यालयातल्या वहीत आपले नाव लिहून जावे. गटाची पुढची बैठक येत्या शनिवारी, दुपारी चार वाजता, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत आहे.