लेमूरांचे बेट : संवर्धनाची योजना आणि माणसाचा भात



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय निवडणे हे वक्त्याचे पहिले कर्तव्य. मी आज तुम्हांला समुद्रापलीकडे, मादागास्करला नेणार आहे. गोमंतकाच्या इतिहासाशी या बेटाचा एक जुना धागा आहे. 1500 साली काब्रालच्या आरमारातील दियोगु दियश याचे जहाज हिंदुस्थानच्या वाटेवर वादळात भरकटले आणि या बेटाला लागले. युरोपीयांना झालेले या बेटाचे ते पहिले दर्शन मानले जाते.

महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाच्या या बेटावर लेमूर नावाचे प्राणी राहतात. आपण ज्या नरवानर गणात मोडतो, त्याच गणाची ही प्राचीन शाखा. आपल्या सह्याद्रीच्या रानातला, वाटोळ्या डोळ्यांचा निशाचर लोरिस हा त्यांचा दूरचा भाऊबंद. लेमूरांच्या शंभराहून अधिक जाती असून त्यांतील एकही जगात अन्यत्र रानात मूळची आढळत नाही. तीस ग्रॅम वजनाच्या मूषक-लेमूरापासून पहाटे आपल्या सुरांनी अरण्य दणाणून सोडणाऱ्या इंद्रीपर्यंत हा पसारा आहे. माणूस बेटावर आल्यानंतर गोरिलाएवढ्या आर्किओइंद्रीसह किमान सतरा महाकाय जाती नामशेष झाल्या. उरलेल्यांचे चित्रही गंभीर आहे. 2020 साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पाहणी केलेल्या 107 जातींपैकी 103 संकटग्रस्त ठरवल्या; जवळजवळ एकतृतीयांश जाती तर विनाशाच्या अगदी काठावर आहेत.

याचे कारण काय? 1953 ते 2014 या काळात बेटाचे सुमारे 44 टक्के नैसर्गिक वन नाहीसे झाले. डोंगरउतारावरील झाडे तोडायची, जाळायची आणि राखेत भात पेरायचा, ही तेथील 'तावी' पद्धत. आपल्याकडील कुमेरी शेती ज्यांनी पाहिली वा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्यांना तिचे वेगळे वर्णन नको. एकदोन पिकांनंतर जमिनीचा कस उतरतो आणि कुऱ्हाड पुढच्या उताराकडे वळते. जोडीला कोळशाच्या भट्ट्या, मांसासाठी शिकार आणि मौल्यवान लाकडाची चोरटी तोड. मादागास्करी माणूस आपल्यासारखाच भातखाऊ आहे. भात नसेल तर जेवण झाले असे त्याला वाटत नाही. त्याला खलनायक ठरवून कोणतीही योजना तडीस जाणार नाही.

योजना मात्र हवीच, कारण साधने तुटपुंजी आहेत आणि संकटात जवळजवळ सर्व जाती आहेत. 2013 साली आंतरराष्ट्रीय व मादागास्करी तज्ज्ञांनी मिळून तीन वर्षांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात तीस स्थळे निवडून प्रत्येकाचा स्वतंत्र खर्च मांडला होता. एकूण अंदाज सुमारे 76 लाख डॉलरचा. एवढ्या मोठ्या वारशासाठी ही रक्कम फार नव्हे. पण तीस स्थळे निवडणे म्हणजे इतर स्थळे मागे ठेवणे. वैद्याला दारातील रोग्यांपैकी आधी कोणाला तपासायचे हे ठरवावे लागते, तसाच हा निर्णय. योजना या शब्दातील खरी कठोरता इथे आहे. असा निर्णय न करता सर्वांनाच थोडेथोडे वाटले, तर कोणीच वाचत नाही.

या आराखड्याचे आधार तीन : स्थानिक लोकांनी सांभाळलेले वन, निसर्गपर्यटन आणि अरण्यात संशोधकांचा कायमचा वावर. तिसऱ्याचे महत्त्व रानोमाफानाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. 1986 साली पॅट्रिशिया राइट यांच्या संशोधनातून तेथे बांबूवर जगणारा सोनेरी लेमूर शास्त्राला परिचित झाला आणि 1991 साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. जिथे अभ्यासक वर्षानुवर्षे राहतो, तिथे गावच्या तरुणांना काम मिळते आणि चोरट्या कुऱ्हाडीवर नजर राहते. आंबालावाओजवळच्या आन्जा येथे तर गावकऱ्यांनी स्वतःच संघटना करून वलयांकित शेपटीच्या लेमूरांचे छोटे वन राखले आणि पाहुण्यांकडून मिळणारे उत्पन्न गावाच्या कामी लावले. 2012 साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

तेथील लोकाचाराचाही विचार करावा लागतो. 'फादी' म्हणजे निषेध. अनेक गावांत इंद्रीला पूर्वजांचा आप्त मानतात. त्याला मारणे निषिद्ध. अशा श्रद्धेने शतकानुशतके जे रक्षण केले, ते सरकारी फलकाने झाले नसते. पण ही तलवार दुधारी आहे. लांब, काटकुळ्या बोटाचा आय-आय काही भागांत अपशकुनी मानला जातो आणि दिसताच मारला जातो. शिवाय परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसाला त्या गावचा निषेध बांधत नाही.

सर्वांत मोठी कसोटी राज्यव्यवस्थेची. 2003 साली अध्यक्ष राव्हालुमानाना यांनी संरक्षित क्षेत्र सतरा लाख हेक्टरांवरून साठ लाखांवर नेण्याची घोषणा केली. 2009 साली त्यांची सत्ता गेली, अनेक देशांनी मदत थांबवली आणि मासोआला व मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत रोझवूडची लूट माजली. 2020 च्या महासाथीत पर्यटक थांबले, तेव्हा त्यांच्यावर पोसलेल्या गावांची मिळकतही थांबली. 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सत्तापालट झाला. यावरून एकच निष्कर्ष निघतो : जी योजना फक्त राजधानीच्या मर्जीवर किंवा फक्त परदेशी पाहुण्याच्या पैशावर उभी आहे, ती पहिल्याच वावटळीत कोसळते. म्हणून गावाचे उत्पन्न एकाच खांबावर टेकवू नये. खाचरातील भाताचे पीक वाढावे, रोपवाटिका असावी, जळणासाठी वेगळी लागवड असावी. आणि हे सारे चालवणारी तेथलीच शिकलेली माणसे असावीत.

श्रोतेहो, शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगण्याचे प्रयोजन या अखेरच्या वाक्यात आहे. मादागास्करच्या विद्यापीठांतून तयार झालेले संशोधक आज लेमूरांच्या कामाची धुरा वाहत आहेत. परकीय तज्ज्ञ परत जातात; गावचा मुलगा शिकून राहिला, तर अरण्याला राखणदार मिळतो. आपला लोरिसही रात्री कंदिलाच्या उजेडात कोणी पाहील, नोंद ठेवील आणि त्याच्या रानाशेजारच्या शेतकऱ्याशी बोलेल, याची वाट पाहत आहे. या शाळेतून निघालेल्यांपैकी दोघांनी जरी हे काम पत्करले, तरी गुरुवर्यांचे स्मरण सार्थ झाले असे मी समजेन.