बांधावरची झाडे आणि फुलपाखरे

(घोटावडे, ता. मुळशी येथील शेतकऱ्यांसाठी भाषण)



भातखाचराचा बांध साफ करताना रुई, बहावा, माकडलिंबू यांवर कोयता चालविण्यापूर्वी थोडे थांबावे.

फुलपाखरू अनेक फुलांतील मध घेते. अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालते, कारण अळी तोच पाला खाते. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी दिसते, पण तिच्या पाल्यावर त्यांच्या अळ्या जगत नाहीत. देशी झाडे गेली की पुढची पिढी खुंटते.

रुईवर केशरी फुलपाखराची पट्टेरी अळी वाढते. चिकातील विष तिच्या अंगात साठते, म्हणून पक्षी ते फुलपाखरू टाळतात. बहाव्यावर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी माकडलिंबू आणि लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते.

या अळ्या पीक खातील का? रुईवरची अळी भाताला तोंड लावत नाही. लिंबावर मात्र लक्ष ठेवावे. तेथील अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते आणि रोपांची कोवळी पालवी फस्त करते. परसातील दोन-चार रोपांसाठी औषध फवारू नये. अळ्या हाताने वेचून जुन्या, मोठ्या लिंबावर सोडाव्यात.

आता एवढे करावे :
१) बांधाचा एक कोपरा राखावा, तेथे तणनाशक मारू नये.
२) घाणेरी मुळासकट काढावी.
३) रिकाम्या जागी पावसाच्या सुरुवातीस बहावा, बेल लावावा.

शेताचे प्लॉट पडले, तरी कुंपणाकडेची ही झाडे राखता येतील.