पाळलेला मासा व आपले ताट

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी ज्यांच्या पिढ्या जाळ्यावर पोसल्या, त्यांच्यासमोर माशाविषयी बोलणे हे धारिष्टच होय. तथापि प्रसंग आमच्याच घरी घडला, म्हणून बोलतो.

२०२३ च्या मार्चमध्ये सांगलीनजीक अंकली येथे कृष्णेत असंख्य मासे मरून तरंगू लागले. आमच्या घरी नदीचा मासा बंद झाला. त्याच सुमारास सूनबाईंना दिवस गेले होते व डॉक्टरांनी सकस आहारावर भर देण्यास सांगितले होते. आम्ही शेततळ्यातील रोहू आणला. पण मातोश्रींनी तो शिजवू दिला नाही. "औषधांवर फुगवलेला, चिखलाचा वास मारणारा मासा पोटुशीला घालता?" असा त्यांचा सवाल. आम्ही पडलो मास्तर. उत्तर येत नसेल तर ते शिकून यावे, हा आमचा जुना नेम.

शिकलो ते असे. १०० ग्रॅम रोहूत सुमारे १६ ते १७ ग्रॅम प्रथिने असतात. हितकर स्निग्धांश तारली-बांगड्याहून कमी, हे खरे. परंतु रोहू, कटला, मृगळ हे मासे दुसऱ्या माशांवर जगत नाहीत, त्यामुळे मोठ्या शिकारी माशांप्रमाणे त्यांच्यात पारा साठत नाही. चिखलाचा वास हा पाण्यातील सूक्ष्म शेवाळापासून निघणाऱ्या जिऑस्मिन नामक द्रव्याचा असतो. तो अपायकारक नसून आंबटाने कमी होतो. माशाला चिंचेचा कोळ लावणाऱ्या आपल्या आज्या रसायनशास्त्रच जाणत होत्या!

औषधांची भीती मात्र निराधार नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधे मत्स्यपालनात वापरण्यास आपल्याकडे मनाई आहे. थाई मांगूर पाळण्यास २००० सालापासून बंदी आहे. तरीही कत्तलखान्याची घाण घालून तो चोरून पाळणारे आढळतात.

म्हणून आम्ही वाळवे तालुक्यातील त्या शेततळ्यावर स्वतः गेलो. पाणी विहिरीचे होते; खाद्य म्हणजे भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड. घरी येऊन वृत्तांत सांगताच मातोश्रींनी विचारले, "पाणी कुठलं?" उत्तर ऐकून त्या चुलीपाशी बसल्या व त्यांनी स्वतः कालवण करविले.

बांधवहो, नदीकाठच्या त्या वृद्धेचा प्रश्नच आपली कसोटी होय. पाणी कुठले, खाद्य काय, मासा धरला केव्हा, हे तिन्ही विचारावे. कल्ले लाल, डोळा तेजस्वी, मांस घट्ट असेल तरच घ्यावा व पूर्ण शिजवावा. आपल्यापैकी जे मासा विकतात, त्यांनी गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच हे सांगावे. आपल्या धंद्याची अब्रू त्यातच आहे.

कृष्णामाई निर्मळ व्हावी म्हणून झटावयाचेच आहे. पण तोवर लेकीसुनांचे ताट रिते ठेवण्यात शहाणपण नाही. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.