ढोलीतली बाळंतीण

उन्हाळ्यात सरपण, पापड-कुरडया आणि पाणी यातून आपल्याला मान वर करायला सवड नसते. तरी एप्रिलअखेर आमच्या गटातल्या आम्ही अकराजणी सकाळी सहाला आंबोली घाटाच्या रस्त्याला लागलो, फक्त पक्षी बघायला.

उजाडताना दरीतून कुणी पोरगं शीळ घालतंय असं वाटलं. तो शीळकरी कस्तूर. मग कुटुरग्याचं 'कुटुर्र कुटुर्र' सुरू झालं. करवंदीच्या जाळीत तुरेवाले शिपाई बुलबुल दिसले. पावशा 'पेरते व्हा' ओरडला तशा सगळ्या हसलो. आवाज सारे आपल्या ओळखीचे, नावं तेवढी नवी.

एका जुन्या झाडाजवळ मात्र आम्ही गप्प झालो. मलबारी धनेशाचा नर चोचीत उंबर घेऊन आला आणि खोडातल्या फटीतून आत देऊन गेला. आत मादी होती. अंडी घालायला ती ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेने दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. पुढचे दोन-तीन महिने तिचं नि पिल्लांचं खाणं नरच आणतो. धनेशाला ढोली कोरता येत नाही. जुनं, आयती ढोली असलेलं झाडच लागतं. ते तुटलं की बाळंतिणीची खोलीच गेली. हाच पक्षी फळं खाऊन बिया लांबवर टाकतो, त्यातून रान वाढतं.

परतताना एक ताई बोलल्या. त्यांच्या मालकी रानातली झाडं व्यापाऱ्याने मागितली होती, त्यात दोन ढोलीची. जूनमध्ये मुलीची फी भरायची. "पाखरासाठी पोरीचं शिक्षण थांबवू का?" त्यांचा प्रश्न खरा होता. 'झाड राखा' म्हणायला पैसे लागत नाहीत, राखायला लागतात.

मासिक बैठकीत आम्ही हा विषय घेतला. बचतीतून त्यांना फीपुरतं अंतर्गत कर्ज दिलं, हप्ते भात विकल्यावर सुरू होतील असे ठरवले. झाडं उभी आहेत.

मैत्रिणींनो, रान विकायची वेळ आली तर आधी ढोलीची झाडं मोजा आणि गरज गटापुढे मांडा. पक्षी बघायला जरूर जा. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत, घरट्याखाली फार वेळ थांबू नका. आपण तिथे उभ्या असलो तर नर जवळ यायला बिचकतो, आणि आतली उपाशी राहते.