हिमलोट

सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या माणसाला दरड ठाऊक असते. हिमाचा लोट ठाऊक नसतो. हिम आणि बर्फ हे दोन्ही शब्द मराठी बोलण्यांत एकाच अर्थानें चालतात, यावरूनच ही ओळख किती दूरची तें दिसतें.

दुरून पाहणाऱ्यास उतारावरचें हिम एकजीव भासतें. वास्तविक तें थरांचें बनलेलें असतें; प्रत्येक हिमवृष्टीचा थर निराळा. कडक थंडींत, हिम पातळ असल्यास, जमिनीलगतची ऊब वर चढूं लागते. तिच्याबरोबर बाष्प चढतें आणि तळचे कण साखरेसारखे सुटे, टोकदार होतात. त्यांवर वाऱ्यानें वाहून आणलेलें हिम घट्ट बसलें, म्हणजे तिरप्या ताटांत मोहरी पसरून वर दगडी पाटी ठेवावी, तशी स्थिति होते. ३० ते ४५ अंशांचा उतार यांत विशेष घातक. फार उभ्या कड्यावर हिम सांचतच नाहीं. या पाटीला धक्का कोण लावतो? प्राणघातक अपघातांत बहुधा तीवरून चालणारा मनुष्य स्वतःच.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत हेंच घडलें. नुकतेंच नवें हिम पडलें होतें. ७ जून रोजीं मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड चौदा हमालांसह नॉर्थ कोल नांवाच्या खिंडीच्या चढणीला लागले. हिम सरकतें काय, हें त्यांनीं खालीं पारखून पाहिलें. सरकलें नाहीं, म्हणून वरचेंही सरकणार नाहीं असें मानलें. दुपारीं दोनच्या सुमारास सारा उतार निसटला. पुढच्या दोरीवरचे साहेब वांचले. मागील दोन दोऱ्यांवरचे नऊ हमाल बर्फाच्या कड्यावरून खालीं फेंकले गेले. दोघे जिवंत निघाले, सात गेले. पारख एकानें करावी आणि तिचें मोल दुसऱ्यानें द्यावें, असा तो प्रसंग! मॅलरीनें पुढें पत्रांतून दोष स्वतःकडे घेतला.

शंभर वर्षांत ज्ञान वाढलें, तरी उतार तोच आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तराखंडांतील द्रौपदी का डांडा या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची शिकाऊ तुकडी लोटांत सांपडली. २९ जण गेले. त्याच वर्षीं एव्हरेस्ट व मकालू सर केलेली शिक्षिका सविता कंसवाल त्यांतच होती.

पावलाखालीं ‘धप्प’ असा खोल आवाज आला, कीं जाणता वाटाड्या शिखर समोर दिसत असतांही माघारी वळतो. धोक्याचा उतार ओलांडणें प्राप्तच झालें, तर एकेकानें ओलांडावा. इतरांनीं सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत निघाला तर बहुधा वांचतो. पुढें श्वास कोंडून आशा झपाट्यानें मावळते. म्हणून गांवाकडून मदत आणण्यास धावण्यांत अर्थ नसतो. बिनतारी संकेत ऐकणारें यंत्र, लांब सळई आणि फावडें घेऊन जवळच्या सोबत्यांनींच खणूं लागावयाचें असतें.