एक पुटपुटणे, चार इंग्रजी शब्द



व्यासपीठावरून मोठ्याने बोलायचे असते; पण आज मी हळू बोलण्याविषयी बोलणार आहे. इंग्रजीत त्यासाठी चार शब्द वारंवार भेटतात : मंबल, मटर, मर्मर आणि व्हिस्पर. पहिले तिन्ही आपण 'पुटपुटणे' या एकाच खुंटीला टांगतो आणि घाई असली म्हणजे चौथाही तिथेच अडकवतो. वर्गात त्याने दोन गुण जातील. न्यायालयात याहून पुष्कळ अधिक जाऊ शकते. ते कसे, हे सांगण्यापूर्वी या चौघांची ओळख करून घेऊ.

'मंबल' म्हणजे तोंड नीट न उघडता, शब्द दाताओठांत घोळवत बोलणे. बोळक्या माणसाने हिरड्यांनी घास चघळावा, त्या क्रियेलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आवाज पुरेसा असेल. शब्द मात्र कळत नाहीत.

'मटर'मध्ये बहुधा नाराजी असते. साहेबांनी रजा नाकारली म्हणजे कारकून दाराबाहेर पडता पडता जे बोलतो, ते मटर. साहेबांना ऐकू जाऊ नये, पण मनातले बाहेर तर पडावे! आपली 'कुरकुर' याच्या जवळची. फक्त ती उघडपणेही करता येते.

'मर्मर' हा मृदू, संथ, अखंड आवाज. झऱ्यालाही तो शब्द चालतो आणि मधमाश्यांनाही. संस्कृतात पानांच्या सळसळीला मर्मर म्हणतात, हे आपण जाणताच. आई पोराला थोपटताना जे बोलते, ते मर्मर. जमावातल्या असंतोषालाही हा शब्द लावतात; म्हणून मागचापुढचा संदर्भ पाहावा लागतो.

आता 'व्हिस्पर'. जरा कंठावर बोटे ठेवा आणि शेजाऱ्याच्या कानात बोलल्यासारखे आपले नाव उच्चारा. बोटांना कंप लागत नाही, कारण स्वरतंतू कंप पावत नाहीत. नुसता श्वासच बोलतो. तरी नाव कळते! याला आपण 'कुजबुज' म्हणतो. पण कुजबुजीला दोघे लागतात आणि थोडे गुपितही लागते. इंग्रजी शब्दाला त्याची गरज नाही.

आता न्यायालयात चला. समजा, एक मुलगा खालच्या न्यायालयात मराठीत साक्ष देतो : "मरताना बाबा पुटपुटले, त्यानेच मला ढकलले." मृत्यूच्या कारणाविषयी मृताने केलेले असे कथन पुराव्यात घेता येते. १८७२ च्या कायद्यात त्यासाठी ३२ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते २६ वे आहे. पुढे अपील होते. उच्च न्यायालयासाठी साक्षीचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. भाषांतरकाराने 'मंबल' लिहिले, तर वकील म्हणेल, शब्दच स्पष्ट नव्हते. 'मटर' लिहिले, तर जुन्या वैराचा वास येईल. 'व्हिस्पर' लिहिले, तर आवाज गेला होता पण शब्द शाबूत होते, असे चित्र उभे राहील. साक्ष एकच, पण एका क्रियापदाने तिचे वजन बदलले. आणि त्या वजनावर एखाद्याची जन्मठेप लटकलेली असते.

म्हणून शब्द निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. शब्द कळत होते का? ऐकू जावे अशी बोलणाऱ्याची इच्छा होती का? कंठातून आवाज निघत होता, की नुसता श्वास? उत्तरे ठाऊक नसतील, तर 'हळू आवाजात म्हणाले' एवढ्याच अर्थाचे साधे इंग्रजी लिहावे. ते रंगहीन दिसेल. पण साक्षीदाराने जे सांगितले नाही, ते त्याच्या तोंडी घालणार नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण अर्धे न्यायाधीश झालेलो असतो, एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.